मांगा, ‘चांदोबा’ आणि बडोद्यातली मुले

दांडियाबाजारकर:
आमची मुलगी बारा वर्षांची आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, मैत्रिणींत गुजराती आणि घरात मराठी, हा बडोद्यातल्या अनेक मराठी घरांतला प्रकार आमच्याकडेही आहे. वर्षभरापासून ती मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथांची, इंग्रजी भाषांतरे वाचते आहे, आणि उजवीकडून डावीकडे वाचण्याची तिला इतकी सवय झाली आहे की परवा आजीच्या कपाटातला ‘चांदोबा’चा जुना अंक तिने मलपृष्ठाकडून उघडला. सासूबाईंच्या मते हे चित्रे पाहणे झाले, वाचन नव्हे. आपल्या ‘चांदोबा’, ‘किशोर’, अमर चित्र कथा यांच्या तुलनेत मांगाकडे मुलांचे वाचन म्हणून कसे पाहावे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

सुरसागरकाठ:
मांगा म्हणजे केवळ मुलांचे साहित्य, हे गृहीतच आधी बाजूला ठेवावे लागेल, कारण जपानमध्ये कुमारांची, मुलींची आणि प्रौढांची मांगा-नियतकालिके वेगवेगळी असतात. लहानांच्या बाबतीत तर ही वाटणी फारच बारीक होती. ‘डोरेमॉन’ १९७० च्या जानेवारी अंकापासून एकाच प्रकाशनाच्या सहा मासिकांत सुरू झाला. ही मासिके शाळेआधीच्या वयापासून चौथीपर्यंत इयत्तावार होती, त्यामुळे चित्रकाराला एकाच महिन्यात धाकट्यांसाठी वेगळी आणि थोरल्यांसाठी वेगळी गोष्ट रचावी लागे. मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासून निघू लागला, तो मात्र अख्ख्या घराने वाचायचा अंक होता आणि विक्रम-वेताळ आजोबांनाही चालत असे. तेव्हा मुलीच्या पुस्तकावर वयोगट काय छापला आहे, एवढे अवश्य पाहावे.

पेन्सिलवाली आई:
मला मांगातली सर्वांत मोलाची गोष्ट चित्रे नव्हे, तर फुरिगाना (अवघड अक्षराशेजारी छापलेला उच्चार) वाटते. जपानी मुलाला प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरचिन्हे, शिकायच्या असतात. कुमारांच्या मांगात प्रत्येक कांजीशेजारी तिचा उच्चार काना या सोप्या उच्चारदर्शक लिपीच्या बारीक अक्षरांत छापलेला असल्यामुळे न शिकलेला शब्दही अडत नाही, आणि प्रौढांच्या मांगातून ही सोय बहुधा काढून घेतलेली असते. माझा मुलगा गुजराती माध्यमात होता. मराठी अस्खलित बोले, पण शिरोरेघेखालची जोडाक्षरे आली की थबके. बालभारतीच्या ‘किशोर’च्या अंकांत मी अशा शब्दांवर पेन्सिलने बारीक गुजराती अक्षरे लिहून देत असे. तिसऱ्या अंकात त्याने ‘उद्ध्वस्त’ मी चुकीचा लिहिल्याचे दाखवून दिले आणि माझी नोकरी संपली. आपल्या मुलीच्या हातात मात्र इंग्रजी मांगा आहे, ज्यात फुरिगाना उरतच नाही. त्यामुळे तिची इंग्रजी पक्की होईल, मराठी जिथे आहे तिथेच राहील.

मांडवीचा वाचक:
वरील मुद्दा मान्य आहे, पण खरा फरक निवड कोण करतो यात आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून मध्यवर्ती ग्रंथालय उभारले, पुढे पेट्यांतून गावोगाव पुस्तके पाठविली. १९६७ मध्ये अमर चित्र कथा आली, तीही मुलांना पुराणे कळावीत या मोठ्यांच्या कळकळीतून. आपल्याकडचे बालवाचन असे वडीलधाऱ्यांनी वाढलेले ताट असते. फ्रान्सने १९४९ मध्ये मुलांच्या प्रकाशनांवर कायदाच केला, तर अमेरिकेत १९५४ मध्ये कॉमिक्सच्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. १९६८ मध्ये जपानमध्ये निघालेल्या ‘शोनेन जंप’ या कुमारांच्या मांगा-नियतकालिकाने मात्र अंकात पोस्टकार्ड घातले आणि कोणत्या गोष्टी आवडल्या हे मुलांनाच विचारले, १९९५ च्या आरंभी या साप्ताहिकाचा एक अंक ६५ लाखांवर छापला गेला. ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण मते कमी पडली की मालिका काही आठवड्यांत गुंडाळली जाते आणि संथपणे फुलणाऱ्या गोष्टीला उसंतच मिळत नाही. तरीही बारा वर्षांच्या मुलीने स्वतः निवडलेले पुस्तक काढून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दांडियाबाजारकर:
सर्वांचे आभार. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर आहेत, तिथून पेन्सिलीचा प्रयोग करून पाहते. सासूबाईंनी काल नातीकडून एक प्रकरण वाचायला घेतले. चौकटी डावीकडून वाचल्यामुळे मेलेला सरदार पुढच्याच चौकटीत बोलू लागला, अशी त्यांची तक्रार आहे.