मेश नेटवर्कमध्ये केबलने जोडलेल्या संगणकाला ९४ एमबीपीएसच का मिळतात?

प्रश्न

नमस्कार. आमच्या पुण्यातील सदनिकेत ३०० एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. भिंती काँक्रीटच्या असल्यामुळे एका राउटरवर भागत नव्हते, म्हणून तीन युनिटांची मेश यंत्रणा (एकमेकांशी जोडलेली आणि मिळून घरभर एकच वायफाय देणारी युनिटे) बसवली. मुख्य युनिटशेजारी उभे राहून फोनवर वेग तपासला, तर २८० ते २९० मिळतात. अडचण केबलची आहे. अभ्यासिकेतील संगणक भिंतीत आधीपासून असलेल्या केबलने थेट मुख्य युनिटला जोडला आहे आणि तिथे सकाळ असो वा रात्र, आकडा ९४ च्या पुढे जात नाही. शयनगृहातील लॅपटॉप तिथल्या उपयुनिटच्या पोर्टला जोडला आहे. तिथे कधी ६०, तर कधी १४० मिळतात. फर्मवेअर अद्ययावत आहे आणि सर्व युनिटे बंद करून पुन्हा सुरूही केली आहेत. नवी केबल टाकायची तर भिंत फोडावी लागेल, म्हणून त्याआधी दोष नेमका कुठे आहे हे समजून घ्यायचे आहे.

पहिले उत्तर

आपल्याकडे दोन वेगवेगळे दोष आहेत, त्यामुळे त्यांचा शोधही वेगवेगळा घ्यावा लागेल. अभ्यासिकेतील ९४ हा आकडा फार बोलका आहे. जोडणी १०० एमबीपीएसवर ठरली, की प्रत्येक पॅकेटसोबत जाणारी शीर्षके वजा होऊन प्रत्यक्ष डेटासाठी जवळपास ९४ च उरतात. म्हणजे इंटरनेट किंवा वायफाय नव्हे, तर ती केबल किंवा तिच्या दोन टोकांपैकी एखादा पोर्ट १०० वर अडकला आहे.

१०० एमबीपीएसला केबलमधील दोनच जोड्या पुरतात, १, २, ३ आणि ६ क्रमांकांच्या पिनांवरच्या. गिगाबिटला (१००० एमबीपीएसला) मात्र चारही जोड्या लागतात. उरलेल्या, म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एक तार जरी सुटलेली असली, तरी बहुतेक उपकरणे काहीही तक्रार न करता १०० वर उतरतात, आणि नेट चालू असल्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. तिथे १०० दिसल्यास तोच संगणक मुख्य युनिटजवळ नेऊन चांगल्या, आखूड केबलने जोडा. तिथे १००० दिसले तर दोष भिंतीतल्या केबलचा. तिथेही १०० च दिसले, तर संगणकाचा किंवा युनिटचा पोर्ट तेवढ्याच क्षमतेचा आहे का हे तपासा. स्वस्त यूएसबी अडॅप्टर पुष्कळदा १०० चेच असतात.

दुसरे उत्तर

वरील निदानाशी सहमत आहे. फक्त एक सावधगिरी सुचवतो. संगणकाच्या सेटिंगमध्ये स्पीड आणि डुप्लेक्स (फुल म्हणजे दोन्ही दिशांनी एकाच वेळी डेटा, हाफ म्हणजे आळीपाळीने) हाताने ठरवून देऊ नका. तांब्याच्या केबलवरील गिगाबिट जोडणी दोन्ही टोकांच्या आपसांतील वाटाघाटीवर अवलंबून असते, आणि एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स सक्तीने लावल्यास दुसरे टोक हाफ डुप्लेक्सवर जाऊन वेग आणखी घसरतो.

शयनगृहातील लॅपटॉप केबलने जोडलेला असला, तरी ती केबल उपयुनिटपाशीच संपते. तिथून मुख्य युनिटपर्यंतचा प्रवास वायफायनेच होतो. काँक्रीटची भिंत आणि त्याच चॅनेलवर चाललेली घरातली इतर उपकरणे यांमुळे वेग वरखाली होणे स्वाभाविक आहे. हे उपयुनिट थेट मुख्य युनिटला जोडले गेले आहे की मधल्या युनिटमार्फत, हे ॲपमध्ये अवश्य पाहा. मधल्या युनिटमार्फत असेल, आणि त्या युनिटचा एकच रेडिओ दोन्ही बाजूंचा डेटा वाहत असेल, तर वेग साधारण निम्म्यावर येतो.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आखूड केबलने १००० दिसले. अभ्यासिकेतील सॉकेट उघडला, तर फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी लावलेली आहे. निळी जोडी इंटरकॉमसाठी वळवली आहे आणि तपकिरी जोडी नुसतीच दुमडून ठेवली आहे. केबलवर कॅट ५ई ही केबलची प्रत छापलेली आहे. कॅट ६ टाकणे आवश्यक आहे का?

पहिले उत्तर देणारे

मुळीच नाही. कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत गिगाबिट चालते, आणि सदनिकेत एवढे अंतर होत नाही. इंटरकॉमची वेगळी सोय करून दोन्ही टोकांना टी५६८बी या प्रमाणित रंगक्रमाने आठही तारा लावा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. तारांचा पीळ टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडवू नका. घाईत काम करणारे नेमके तेच करतात. मात्र केबलवर कुठे सीसीए असेही छापलेले असेल, तर आतली तार तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची आहे; ती चटकन तुटते आणि तिच्यावर विसंबणे योग्य नाही.

हे झाल्यावर अभ्यासिकेत एक गिगाबिट स्विच (एका केबलवर अनेक उपकरणे जोडणारी पेटी) ठेवून तिसरे युनिट त्याला जोडा. ते केबलवर आले, की शयनगृहातील युनिटला मुख्य युनिटऐवजी शेजारच्या खोलीतूनच वायफाय मिळेल, आणि मधली भिंत एकच उरत असेल तर तिथलाही वेग पुष्कळ स्थिर होईल. इंटरकॉमची जोडी सोडवण्याआधी तिचे दुसरे टोक कुठे जाते हे सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.