मेक्लाँगचा रेल्वे बाजार: रेल्वेनेच जावं का?

प्रश्न: थायलंडमध्ये बँकॉकहून मेक्लाँग गावातल्या रुळांवरच्या बाजारात जायचंय. रेल्वेने जमेल का? गाडी जाताना कुठे उभं राहावं?

उत्तर १: जमेल, पण सलग गाडी नाही. बँकॉकच्या वोंगवियन याई स्टेशनहून सकाळी साडेआठच्या सुमारास निघा. तासाभरात महाचाई, या गाडीचं शेवटचं स्टेशन. तिथून होडीने था चीन नदी ओलांडून बान लाएम स्टेशनला चालत जा. १०:१० ची गाडी साधारण ११:१० ला मेक्लाँगला पोचते. ती चुकली की पुढची थेट दीडला, बहुतेकांचा दिवस इथेच फसतो. आदल्या दिवशी वेळापत्रक तपासाच.

उत्तर २: गाडीत बसलात तर दुकानांच्या छत्र्या मिटताना बाहेरून दिसणार नाहीत. मग वीसेक मिनिटं थांबून परतणारी गाडी रुळांच्या कडेने बघा. खरी मजा तीच! भोंगा वाजला की ताडपत्र्या मागे ओढतात, चाकांवरच्या मालाच्या फळ्या सरकवतात. रुळांमधली बुटकी भाजी मात्र तशीच, गाडी तिच्यावरून जाते. दुकानाच्या आत सरका, पाठ टेकवा, सॅक पोटाशी घ्या. सेल्फी स्टिक बाहेर काढू नका, डबा वीतभर अंतरावरून जातो.

उत्तर ३: शुक्रवार ते रविवार असेल तर पुढे सोंगथाओने (बाकं लावलेल्या शेअर गाडीने) अम्फावाचा तरंगता बाजार गाठा. तो दुपारनंतरच रंगतो.