सदाफुलीचा जीनोम हाती आल्यावरही व्हिनब्लास्टिनची जनुके लगेच का सापडली नाहीत?

हरितकण (प्रश्न): व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध सदाफुलीत कॅथॅरँथिन आणि व्हिंडोलिन हे दोन रेणू जोडून बनते; व्हिंडोलिन टॅबर्सोनिनपासून तयार होते. सदाफुलीच्या जीनोमचा (संपूर्ण जनुकीय क्रमाचा) पहिला मसुदा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, मात्र कॅथॅरँथिन आणि टॅबर्सोनिन घडवणारी विकरे (एन्झाइम) 2018 मध्ये ओळखली गेली. जनुकांचा क्रम समोर असताना कोणते जनुक कोणती अभिक्रिया घडवते, हे त्यावरून थेट का सांगता येत नाही? पदव्युत्तर अभ्यासात हा मुद्दा वारंवार येतो, पण समाधानकारक खुलासा मिळालेला नाही.

मूळरोम: क्रमावरून विकराचे कुळ कळते, काम कळतेच असे नाही. अॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील मोहरीवर्गीय वनस्पतीत सायटोक्रोम पी450 या विकर-कुळाची सुमारे 245 जनुके आहेत. त्यांचे कुळ ओळखणे सोपे आहे, परंतु त्यांपैकी कोणते विकर कोणत्या रेणूवर, त्याच्या नेमक्या कोणत्या कार्बनवर काम करते, हे प्रयोगाशिवाय ठरत नाही. सदाफुलीत तर कुळानेच दिशाभूल केली असती. आपण उल्लेखलेली दोन्ही विकरे क्रमावरून कार्बॉक्सिलएस्टरेजसारखी दिसतात, म्हणजे पाण्याच्या साहाय्याने एस्टर बंध तोडणाऱ्या प्रथिनांच्या जवळची. प्रत्यक्षात ती एकाच अस्थिर रेणूत नवे वलय जुळवतात, आणि एकाकडून कॅथॅरँथिन, तर दुसऱ्याकडून टॅबर्सोनिन तयार होते. अशी अभिक्रिया घडवणारे विकर एस्टरेजच्या यादीत शोधावे, हे सहजासहजी कोणाला सुचणार नाही. मला या संपूर्ण शोधातील हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

पर्णरंध्र: वरील उत्तराशी सहमत आहे. मग उमेदवार जनुके निवडतात कशी, तर हे रेणू घडवण्याच्या मार्गातील आधीच माहीत असलेल्या जनुकांबरोबर ज्यांची अभिव्यक्ती (सक्रियता) वाढते-घटते, ती आधी वेगळी काढतात. त्यानंतर विषाणूच्या मदतीने एकेक जनुक गप्प करून पानात कोणता रेणू साचतो, हे वस्तुमान वर्णपटमापकावर (रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) तपासतात. प्रीकॉन्डिलोकार्पिन अॅसिटेट तयार करणारे विकर दाबले, तेव्हा त्याच्या आधीच्या पायरीवरील स्टेमाडेनिन अॅसिटेट साचले. असा पुरावा नुसत्या क्रमातून कधीच मिळाला नसता. अडचण अशी की अख्खे पान वाटून आरएनए (सक्रिय जनुकाची नक्कल) मोजला, तर सगळ्या पेशींची सरासरी हाती येते. हा मार्ग शिरांलगतच्या मृदूतकात (पातळ भित्तिकांच्या पेशींत) सुरू होतो, पुढे बाह्यत्वचेत जातो आणि व्हिंडोलिनच्या शेवटच्या पायऱ्या दुग्धवाहिन्या व इडिओब्लास्ट (आजूबाजूच्या पेशींहून वेगळ्या, सुट्या विखुरलेल्या) पेशींत पार पडतात. त्यामुळे एकेका पेशीचा आरएनए वाचणे इथे विशेष उपयोगी ठरते.

हरितकण: दोघांचेही आभार. मक्यात कीडरोधक बेन्झॉक्साझिनॉइडची जनुके एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आढळली (1997), आणि अफूच्या झाडात नॉस्कॅपिन या औषधी रेणूची दहा जनुके एका समूहात (2012). सदाफुलीत हा शेजार उपयोगी पडला नाही का?

मूळरोम: थोडाच. ट्रिप्टोफॅन डीकार्बॉक्सिलेज आणि स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज या मार्गातील सुरुवातीच्या विकरांची जनुके शेजारी आहेत आणि त्यांच्याजवळ एक वाहक प्रथिनाचे जनुकही आहे, पण मार्गातील बहुतेक जनुके जीनोमभर विखुरलेली आहेत. शेजार दिसल्यास तो जरूर तपासावा; मात्र तो नसेल, तर सहअभिव्यक्ती आणि जनुक गप्प करण्याचे प्रयोग हेच भरवशाचे मार्ग उरतात. निवडलेली जनुके निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूवर्गीय वनस्पतीच्या पानात एकत्र व्यक्त करून अपेक्षित रेणू तयार होतो का, हेही पाहावे. मार्ग उमगल्यावर 2022 मध्ये यीस्टकडून कॅथॅरँथिन आणि व्हिंडोलिन तयार करवून घेण्यात आले आणि ते जोडून व्हिनब्लास्टिन मिळवण्यात आले. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिनसाठी सुमारे 500 किलो वाळलेली पाने लागतात, हे लक्षात घेतले तर या खटाटोपाचे कारण स्पष्ट होते.