लॅमिनेट म्हणजे नुसतं 'स्तरित' नव्हे

मराठी प्रतिशब्दांच्या एका चर्चेत कुणीतरी 'लॅमिनेटेड'साठी 'स्तरित' हा शब्द सुचवलाय. मला तो अपुरा वाटतो. स्तरित खडकातही थर असतात, पण ते साचत गेलेले. लॅमिनेटमध्ये वेगवेगळे थर मुद्दाम एकमेकांना कायमचे चिकटवलेले असतात, आणि हे चिकटवणंच त्या शब्दाचा गाभा आहे. मूळ लॅटिन 'लॅमिना' म्हणजे पातळ पत्रा किंवा पापुद्रा.

आपण ज्याला सर्रास सनमायका म्हणतो (ते खरं तर ब्रँडचं नाव), त्याचा तुटलेला कोपरा एकदा निरखून बघा. वर नक्षीचा कागद, खाली तपकिरी क्राफ्ट कागदाचे (खोक्यांसाठी वापरतात तसल्या मजबूत कागदाचे) बरेच थर. हे कागद रेझिनमध्ये (वाळून कडक होणाऱ्या चिकट रसायनात) भिजवून उष्णता आणि प्रचंड दाब देऊन एकजीव केलेले असतात. नखाने सोलू गेलात तर कागद सुटत नाही, कपचा उडतो. प्लायवूडमध्ये शेजारच्या थरांतल्या लाकडाचे तंतू एकमेकांना आडवे ठेवतात, म्हणून ते सहसा वाकत-फुगत नाही. गाडीच्या पुढच्या काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. काच फुटली तरी तुकडे त्यालाच धरून राहतात.

ओळखपत्राचं 'लॅमिनेशन' हा शब्दाचा चुकीचा वापर, असंही त्या चर्चेत म्हटलंय. ते मला पटत नाही. दोन प्लॅस्टिक फिल्मच्या मधे कागद चिकटवलाय, म्हणजे तेही लॅमिनेशनच. मराठीत मी 'थरजोड' म्हणेन. त्यात थरही आले आणि जोडही.