'खरं' म्हटल्यावर 'खोटं' की 'पण'?

आमच्या गटात सध्या शब्दावरून शब्दाचा खेळ जोरात आहे. एकानं शब्द टाकायचा, बाकीच्यांनी डोक्यात पहिला येईल तो एकच शब्द लिहायचा. विचार करत बसायचं नाही, लिहिलेलं पुसायचं नाही. निम्मी मंडळी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची. उरलेली पुणे, नागपूर, लातूर अशी विखुरलेली. भेंड्यांशी या खेळाचं नातं तसं लांबचंच. भेंड्यांत शेवटचं अक्षर पकडायचं, इथं अक्षराला कोणी विचारत नाही.

परवा 'खरं' हा शब्द टाकला. पुण्या-नागपूरकडून धडाधड 'खोटं' आलं. बेळगावकडून मात्र एकामागून एक 'पण', 'पण', 'पण'. नागपूरच्या बाईंना वाटलं, सगळ्यांची वाक्यं अर्धवट राहिलीत. "पण काय? पुढचं लिहा ना!" म्हणून त्यांनी तगादा लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या बेळगावकडं 'खरं' म्हणजे सत्य तर आहेच, शिवाय 'खरं' म्हणजे 'पण'. "आलो असतो खरं गाडी चुकली." "जेवण झालंय खरं चहा घेईन." यात खऱ्या-खोट्याचा काहीएक संबंध नाही. हा वापर आला कुठून असेल? आणि कुठवर पसरलाय? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद, निपाणी
आमच्यात असंच बोलत्यात, पार कोल्हापूरपर्यंत. 'पण' म्हटलं की पोरं हसत्यात, "पुण्याचा झालास काय रे" म्हणून. शाळेत निबंधात 'पण' लिहायचं, बाहेर आलं की 'खरं'. हे कुणी शिकवलेलं नाही.

प्रतिसाद, पुणे
मग "खरं खरं सांग" आणि तुमचा 'पण'वाला 'खरं' यांत फरक कसा ओळखायचा? गोंधळ होत नाही?

प्रतिसाद, खानापूर
नाही होत. 'पण'वाला दोन वाक्यांच्या सांध्यात बसतो आणि त्याच्यावर जोर नसतो. जोर पडला की तो सत्यवाला. कानाला लगेच कळतं, लिहिलेलं वाचताना मात्र बाहेरचा माणूस अडखळणार. स्वल्पविराम 'खरं'च्या आधी द्यायचा की नंतर, यावरून आमच्या घरात वाद झालेत.

मूळ लेखक
खानापूरकरांचा मुद्दा पटला. उगमाबद्दल माझा तर्क मांडतो. प्रमाण मराठीत "गाडी आली खरी, पण जागा नव्हती" असं वाक्य चालतं. तिथला 'खरी' आधी मान्य करतो आणि 'पण' मागाहून मोडता घालतो. दोघं सतत जोडीनं येत राहिले, पुढं 'पण' गळला आणि त्याचं काम 'खरं'वर येऊन पडलं, असं मला वाटतं.

यात बघण्यासारखी गोष्ट आहे ती लिंगाची. प्रमाण भाषेत पाऊस आला 'खरा', गाडी आली 'खरी', पोरं आली 'खरी'. आमच्याकडं सगळीकडं 'खरं'च: पाऊस आला खरं गार झालं नाही, गाडी आली खरं जागा नव्हती. लिंग-वचन गळून शब्द गोठला, म्हणजे तो विशेषण राहिला नाही, सरळ उभयान्वयी अव्यय झाला. वर तो वाक्याच्या सुरवातीलाही येतो: "खरं मी काय म्हणतो, उद्या जाऊया." कर्त्याच्या मागं लागणाऱ्या 'खरा-खरी'ला तिथं उभं राहायला जागाच नाही.

आपल्या भागातल्या कानडीतही सत्याला 'खरे' म्हणतात, "खरे हेळु" म्हणजे खरं सांग. तो शब्द मराठीतून तिकडं गेला. उलट दिशेनं आलेलेही आहेतच. 'हुडकणे' कानडी 'हुडुकु'वरून आणि 'तूप' 'तुप्प'वरून आलं. तुपाला तर महाराष्ट्रभर कोणी परकं मानत नाही.

प्रतिसाद, लातूर
खेळ म्हणून ठीक आहे, पण पहिल्या सुचलेल्या शब्दावरून भाषेचं काय ठरणार? कुणालाही काहीही सुचतं.

मूळ लेखक
'काहीही' सुचत नाही, हीच तर गंमत. केंट आणि रोझानॉफ या दोन संशोधकांनी असाच खेळ अमेरिकेत 100 शब्द 1000 माणसांपुढं ठेवून केला होता, 1910 साली तो छापून आला. टेबलाला सगळ्यात जास्त उत्तर आलं ते खुर्ची. माणसं वेगवेगळी असली तरी बहुतेकांची पावलं ठरावीक वाटेनंच पडतात. त्याच्या आधी झुरिचला मानसशास्त्रज्ञ युंग हातात घड्याळ घेऊन उत्तराला किती वेळ लागतो ते मोजायचा. जिथं माणूस अडखळला तिथं आत काहीतरी आहे, असं तो धरायचा. आपल्याकडंही तेच दिसलं. बरीच वर्षं पुण्यात राहिलेल्या एका बेळगावकरानं सगळ्यांच्या नंतर, बराच वेळ घेऊन 'खोटं' लिहिलं. आत काय चाललं होतं ते सांगायला युंग नको.

आणि लातूरकर, तुमचंच उत्तर आठवा. 'कुंदा' टाकला तेव्हा तुम्ही 'हराळी' लिहिलंत, कारण तुमच्या लेखी कुंदा म्हणजे रानात माजणारं, खणून काढावं लागणारं गवत. आमच्याकडून 'खवा' आला, 'पेढा' आला. दूध-खवा साखरेबरोबर तांबूस होईस्तोवर आटवून केलेला कुंदा बेळगावातून पाहुण्याच्या पिशवीत घातल्याशिवाय त्याला सोडत नाहीत. 'मांडे'चंही तेच. पुण्याकडून 'मनातले' आलं, बेळगावातून 'लग्न' आणि 'कढई'. पालथ्या कढईवर भाजून घडी घातलेला मांडा ज्यानं मोडून खाल्लाय त्याला म्हण नंतर आठवते.

प्रतिसाद, बेळगाव
'काळा'ला इकडच्या तिघांनी 'दिन' लिहिलं ते राहिलं की. बाहेरच्यांना 'पांढरा' सुचला. इथल्या मराठी माणसाला 1 नोव्हेंबर आठवतो, 1956 पासूनचा, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं तेव्हापासूनचा.

मूळ लेखक
ते मुद्दाम सोडलं होतं, त्यावर सुरू झालं की शब्द बाजूला राहतात. बाकी नोंद बरोबर आहे.

प्रतिसाद, नागपूर
मला आता 'खरं' वापरून बघायचंय. "येते खरं उशीर होईल" हे बरोबर का?

प्रतिसाद, निपाणी
एकदम बरोबर ताई. फक्त आमच्याकडच्या बऱ्याच बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. "येतो खरं उशीर होईल."

मूळ लेखक
त्यासाठी वेगळा धागा काढू, तो विषय मोठा आहे. चंदगड, गडहिंग्लजकडचे कोणी असतील तर वाक्याच्या सुरवातीचा 'खरं' तिकडं ऐकू येतो का तेवढं कळवा. आजचा शब्द 'गल्ली'. बेळगावच्या गणपत गल्लीतल्यांनी जरा दम धरा, आधी बाहेरच्यांना लिहू द्या.