मदत हवी आहे: सेंद्रिय कापसाच्या मसुद्यावर हरकत नोंदवायची आहे, शुक्रवार शेवटचा दिवस

पऱ्हाटी (सोमवार, रात्री १०.४०)
नमस्कार. सेंद्रिय कापसाच्या प्रमाणपत्राचा नवा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला आहे आणि शुक्रवारी बंद होतोय. मला हे कालच कळलं. सगळं इंग्रजीत आहे. फॉर्ममध्ये प्रत्येक हरकतीपुढे कलम, कारण आणि 'सुचवलेला मजकूर' असे रकाने आहेत. आमचे मुद्दे चार: बियाणं, चाचणी, फी, जिनिंग (कापसातली सरकी काढणं). मराठीत लिहिलं तर चालेल का? नसेल चालत तर कुणी इंग्रजी करून द्याल का? गटातल्या १८० शेतकऱ्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या आहेत, त्या कुठे जोडायच्या? कृपया लवकर सांगा, माझ्याकडे चारच दिवस आहेत.

सूतमास्तर (रात्री ११.०५)
ताई, मसुदा कुणाचा? एनपीओपीचा (सरकारचा सेंद्रिय शेतीचा कार्यक्रम), गॉट्सचा (सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक), टेक्स्टाइल एक्सचेंज या आंतरराष्ट्रीय संस्थेचा की भारतीय मानक ब्युरोचा? चारही ठिकाणी 'सेंद्रिय कापूस' हा शब्द येतो आणि चौघांची कलमं वेगळी. हे कळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकणार नाही.

रानवाट (रात्री ११.२०)
मसुदा कुणाचाही असो, मूळ दुखणं बियाण्याचं आहे. २००२ मध्ये बीटीला, म्हणजे सेंद्रियात न चालणाऱ्या जनुकीय बदलाच्या कापसाला, परवानगी मिळाली आणि आज दुकानात बिगर-बीटी मागितलं तर दुकानदार आपल्याकडे बघत राहतो. मी सहा वर्षं देशी लावतोय, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची एकेए-७. फवारणी जवळजवळ नाही आणि कोरडवाहूत टिकते. लांब धाग्याचं वाण हवं असेल तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं 'सुरज' आहे, त्याचं बी घरचं धरता येतं. प्रमाणपत्राच्या मागे धावण्याआधी बी आपलं करा.

पऱ्हाटी (मंगळवार, सकाळी ६.१५)
गॉट्सचा. मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल. ७.० नंतरची आवृत्ती.
रानवाट दादा, आम्ही 'सुरज'च लावतो. पण गेल्या वर्षी बी कमी पडलं म्हणून ११ जणांनी दुकानातून बिगर-बीटी म्हणून आणलं आणि चाचणीत बीटी निघालं. ६० क्विंटल कापूस साध्या भावात गेला. म्हणून तर बियाण्याचा मुद्दा पहिला आहे.

सूतमास्तर (सकाळी ९.३०)
मग आधी हे समजून घ्या, नाहीतर अर्धी मेहनत वाया जाईल. गॉट्स शेतात शिरत नाही. त्याचं काम जिनिंगपासून सुरू होतं आणि पुढे सूत, कापड, रंगाई, शिलाई, लेबल इथपर्यंत जातं. शेतातला कापूस सेंद्रिय आहे हे एनपीओपीसारख्या मानकानुसार आधीच ठरलेलं असावं लागतं. गॉट्स ते प्रमाणपत्र स्वीकारतं. त्यामुळे बियाण्याची तक्रार तिथे लिहिलीत तर 'आमच्या कक्षेत नाही' एवढंच उत्तर मिळेल. फीचंही तसंच. गटाची तपासणी-फी तुमची प्रमाणन संस्था ठरवते.
तुमचा जिनिंगचा आणि चाचणीचा मुद्दा मात्र नेमका तिथलाच आहे. त्यावर जोर द्या.
आता मला सांगा: गटाची स्वतःची जिनिंग आहे की दुसऱ्याकडे कापूस देता? नमुना कुठे काढला? चाचणीचा खर्च कुणी दिला? अहवालाची प्रत तुमच्याकडे आहे का?

धुळ्याची_मीना (सकाळी १०.१०)
एवढा त्रास कशाला? पीजीएसचं प्रमाणपत्र करून घ्या. शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात, खर्च नगण्य. आमच्या भाजीपाल्याच्या गटाने केलंय, छान चाललंय.

सूतमास्तर (सकाळी १०.२५)
मीनाताई, भाजीला आणि देशातल्या विक्रीला पीजीएस उत्तम. पण निर्यातीच्या कपड्याला ते चालत नाही, तिथे त्रयस्थ संस्थेचीच तपासणी लागते. त्यांना ते सुचवलं तर त्यांचा खरेदीदार जाईल.

धुळ्याची_मीना (सकाळी १०.४०)
निर्यातच का करायची, हा माझा प्रश्न आहे. आपल्याच लोकांना चांगलं कापड का मिळू नये?

पंचगंगा (दुपारी १२.५०)
मी इचलकरंजीचा, घरचे १६ माग आहेत, मजुरीवर विणतो. कापूसवाल्यांचं दुःख खरं, पण आमच्याकडेही बघा की. सेंद्रिय सुताचं काम आलं की व्यापारी म्हणतो माग स्वच्छ करा, साध्या सुताच्या बाचक्यांपासून वेगळी जागा करा, नोंदवही ठेवा, कामगारांचे कागद दाखवा. करतो आम्ही सगळं. पण प्रमाणपत्र व्यापाऱ्याच्या नावावर, आम्ही त्याच्या यादीत एक ओळ. व्यापारी बदलला की आमची सगळी तयारी शून्य. तुमच्या हरकतीत मजुरीवाल्यांचंही टाका ताई.

सूतमास्तर (दुपारी १.१५)
पंचगंगा, मुद्दा रास्त आहे, पण तुम्ही स्वतःच्या नावाने नोंदवा. खुल्या विचारविनिमयात कुणीही लिहू शकतं, प्रमाणपत्र नसलं तरी. एका हरकतीत दोन दुखणी घातली की वाचणारा एकही नीट वाचत नाही.

पऱ्हाटी (दुपारी ३.००)
जिनिंग दुसऱ्याची. नमुना तिथेच काढला, ढिगातून. त्या ढिगात आमच्यासकट तीन गटांचा कापूस होता. अहवाल जिनिंगकडे आहे, आम्हाला फोनवर सांगितलं 'पॉझिटिव्ह आला'. खर्च आमच्या बिलातून कापला.

रानवाट (दुपारी ३.२०)
तीन गटांचा एकत्र ढीग! मग ते ११ जणांचं बी कारणीभूत होतं हे कशावरून ठरवलं?

पऱ्हाटी (दुपारी ३.३५)
आम्हीच ठरवलं. त्या ११ जणांना गटातून काढायचंही बोलणं झालं होतं. तुम्ही विचारल्यावर आता मला बसल्या जागी कसंतरी होतंय. दुकानातल्या उरलेल्या पाकिटाची पट्टीने चाचणी केली होती, तिथे बीटी दिसलं. पण ढिगातलं त्यांच्यामुळेच आलं का, हे नाही सांगता येणार.

ऱ्हाइनकाठ (दुपारी ४.४५)
मी जर्मनीत एका कपड्यांच्या कंपनीत पुरवठा-साखळीचं काम बघते, मूळची अमरावतीची. इथली बाजू सांगते. युरोपीय संघाचा २०२४ चा ८२५ क्रमांकाचा निर्देश २७ सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो. प्रमाणन योजनेचा किंवा सरकारी यंत्रणेचा आधार नसलेली पर्यावरणाची लेबलं त्यानंतर लावता येत नाहीत. म्हणून इथले खरेदीदार गॉट्ससारख्या लेबलांना आणखी घट्ट धरणार. नियम सैल करा असं लिहिलंत तर कुणी ऐकणार नाही. नियम नीट वापरा असं लिहा.

सूतमास्तर (सायं. ५.१०)
शंभर टक्के. आणि ही कडक चाचणी का आली तेही लक्षात ठेवा. २०२० मध्ये भारतातल्या २०,००० टन कापसाची बनावट व्यवहार-प्रमाणपत्रं (माल विकताना सोबत जाणारी) गॉट्सने पकडली, ११ कंपन्यांवर बंदी घातली. तेव्हापासून विदर्भातला खराखुरा सेंद्रिय कापूसही आधी संशयाने बघितला जातो.

रानवाट (सायं. ५.३०)
ती बनवाबनवी कागदावरची होती. शेतकऱ्याने केली नव्हती. आणि शिक्षा म्हणून नमुना मात्र शेतकऱ्याच्या कापसाचा. हे मला पटत नाही.

सूतमास्तर (सायं. ५.५०)
चाचणीला शिक्षा म्हणू नका. मी २२ वर्षं सूतगिरणीत काढली. ज्या गाठीबरोबर चाचणीचा कागद होता तिला भाव मिळाला, नव्हता तिला नाही. चाचणी हवीच. भांडण नमुना कसा काढतात याच्याशी आहे.

साळूबाई (सायं. ६.२०)
मध्येच विचारते, माफ करा. सोलापूरहून टॉवेल मागवले, लेबलवर 'मेड विथ ऑरगॅनिक' असं आहे. म्हणजे पूर्ण सेंद्रिय नाही का?

ऱ्हाइनकाठ (सायं. ६.३५)
गॉट्सचं लेबल असेल तर त्यात किमान ७० टक्के सेंद्रिय धागा असतो. नुसतं 'ऑरगॅनिक' लिहायला ९५ टक्के लागतो. लेबलवर परवाना क्रमांक असतो, तो त्यांच्या सार्वजनिक यादीत शोधून बघा. क्रमांकच नसेल तर विचारा.

रानवाट (रात्री ८.००)
ताई, कापूस वेचायला काय वापरता? आमच्याकडे सीतादही (वेचणीआधीची पूजा) झाली की पहिल्या वेच्यापासून युरियाची पोती बाहेर पडतात. तिथूनही भेसळ सुरू होते. शेजारच्या बीटीचं गाठोडं त्याच गाडीत, त्याच अंगणात.

पऱ्हाटी (रात्री ९.१५)
आम्ही कापडी झोळ्या दिल्या आहेत दादा, आणि गाडी वेगळी. प्रत्येक शेतकऱ्याच्या वजनाची नोंद आहे. जिनिंगच्या फाटकापर्यंत आमचा कापूस वेगळा होता, हे मी वह्यांनिशी दाखवू शकते. फाटकाच्या आत काय झालं ते आमच्या हातात नव्हतं.

सूतमास्तर (रात्री ९.३०)
हेच तुमचं 'कारण'. हे शब्द जसेच्या तसे त्या रकान्यात टाका. गॉट्सचा चाचणीचा आधार आयएसओची आयडब्ल्यूए ३२ ही पद्धत. ती जनुकीय बदल आढळला किंवा नाही आढळला एवढंच सांगते. किती टक्के, कुठून आला, हे सांगत नाही. म्हणून ढीग एकत्र करण्याआधी नमुना काढणं एवढं महत्त्वाचं.

पऱ्हाटी (बुधवार, पहाटे ५.४०)
रात्री बसून लिहिलं. चुका सांगा.

'कलम: जनुकीय बदलाची चाचणी. हरकत: एकाच ढिगात अनेक गटांचा कापूस मिसळल्यावर काढलेल्या नमुन्यावरून दोष कोणत्या गटाचा हे ठरत नाही, तरी नुकसान सगळ्यांचं होतं. कारण: आमच्या गटाचा कापूस वजनाच्या नोंदींसह वेगळा पोचला होता, जिनिंगमध्ये तो तीन गटांच्या ढिगात गेला. सुचवलेला मजकूर: नमुना प्रत्येक गटाचा स्वतंत्र, ढीग एकत्र करण्यापूर्वी, गटाच्या प्रतिनिधीसमोर काढावा. नमुन्याचे दोन भाग करावेत, एक सीलबंद करून गटाकडे द्यावा. निकाल विरोधात गेल्यास गटाला ७ दिवसांत दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत फेरचाचणी मागता यावी. अहवालाची प्रत गटाला लेखी मिळावी.'

ऱ्हाइनकाठ (सकाळी ११.३०)
छान आहे. इंग्रजी मी आज रात्रीपर्यंत देते. दोन बदल करा. 'दोष' हा शब्द काढा, 'भेसळीचा उगम' म्हणा. आणि खर्चाची ओळ घाला: फेरचाचणीत भेसळ आढळली नाही, तर दोन्ही चाचण्यांचा खर्च गटाकडून घेऊ नये. सह्या शेवटी जोडा, जोडपत्राची सोय नसेल तर 'महाराष्ट्रातील १८० शेतकऱ्यांचा गट' एवढं पहिल्या ओळीत लिहा. कुणाचीही नावं आणि जमिनीचे गट क्रमांक सार्वजनिक फॉर्ममध्ये घालू नका.

रानवाट (दुपारी १२.१०)
आणि बियाण्याचं? तो मुद्दा सोडायचा नाही.

सूतमास्तर (दुपारी १२.३०)
सोडायचा नाहीच, पण योग्य दारात न्यायचा. एनपीओपी अपेडाकडे (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) आहे, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाखाली. त्याची आठवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, तिच्यात गटाला कायदेशीर संस्था म्हणून नोंदणी लागते. ताई, तुमच्या गटाची नोंदणी झालीय का?

पऱ्हाटी (दुपारी १.००)
झाली आहे, शेतकरी उत्पादक कंपनी आहे.

सूतमास्तर (दुपारी १.१०)
हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना! मग कंपनीच्या लेटरहेडवर अपेडाला पत्र पाठवा: बिगर-बीटी बी चाचणी करून, पावतीवर लिहून मिळावं. त्याची प्रत कृषी विभागाला.

पंचगंगा (संध्याकाळी ७.४५)
मीही भरतोय माझा फॉर्म. मजुरीवाल्याला स्वतःच्या नावाने, कमी कागदात प्रमाणपत्र घेता यावं, असं लिहिलंय. ऱ्हाइनकाठ ताई, माझं इंग्रजी तपासाल का?

ऱ्हाइनकाठ (रात्री ११.५०)
दोघांचंही पाठवलंय, निरोप बघा.

पऱ्हाटी (गुरुवार, रात्री ८.२०)
भरलं. पोच आली. सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी त्या ११ जणांना बोलावलं होतं, गटात राहा म्हणून सांगितलं. त्यातल्या एका काकूंना रडूच आलं.
सूतमास्तर, एक शेवटचं. यंदा नियम बदलायची वाट न बघता आम्ही जिनिंगच्या फाटकावरच आमचा दुसरा नमुना काढून ठेवणार आहोत. पिशवी कापडी शिवून घेऊ ना?

सूतमास्तर (रात्री ८.३५)
कापडी अजिबात नको! ते कापड बीटीच्याच कापसाचं असणार, त्याचे तंतू नमुन्यात जातील. जाड कागदी पाकीट घ्या, चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक, आणि सील करताना जिनिंगच्या माणसाची सही घ्या.