इंटरनेट मार्केटिंग : नवशिक्याने फायदेशीर विषय कसा निवडावा? सल्ला हवा आहे (नाशिक)

हिशेबवही :

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगर भागात राहते. दिंडोरी रोडवरच्या एका कृषी सेवा केंद्रात मी ९ वर्षे हिशेबाचे, आणि गर्दीच्या दिवसांत काउंटरचेही काम केले. मुलगी लहान असल्यामुळे गेल्या वर्षी नोकरी सोडली. रोज साधारण ३ तास हाताशी असतात, आणि बुडाले तरी घराला झळ लागणार नाही असे १५,००० रुपये मी बाजूला ठेवले आहेत. दुसऱ्याच्या वस्तूची माहिती द्यायची आणि त्यातून होणाऱ्या विक्रीवर कमिशन घ्यायचे, म्हणजे अफिलिएट मार्केटिंग, हा मार्ग मला जमण्यासारखा वाटतो.

अडचण विषयाची आहे. शुल्क भरून केलेल्या एका ऑनलाइन क्लासमध्ये वजन कमी करणे, शेअर बाजार आणि मोबाइल फोन हे तीनच विषय ‘पैसा देणारे’ म्हणून सांगितले गेले. मी त्यांतला पहिला घेतला आणि ४ महिन्यांत ११ लेख लिहिले, पण वाचक जवळजवळ नाहीत. खरे सांगायचे तर ते लेख मी इतरांचे वाचूनच लिहिले होते. विषय बदलावा का, आणि बदलायचा असेल तर काय पाहून नवा विषय निवडावा?

गोदाकाठ :

ताई, विषय अवश्य बदला. त्या ११ लेखांवर खर्च झालेले श्रम मनात धरून बसू नका.

क्लासने सांगितलेल्या विषयांत पैसा आहे हे खरे, पण तो नवशिक्याच्या हाती लागत नाही. आरोग्य आणि पैसा या विषयांवर लिहिणाऱ्याची विश्वासार्हता गुगल इतर विषयांपेक्षा अधिक काटेकोरपणे तोलते, आणि ते योग्यच आहे, कारण तिथे चुकीच्या सल्ल्याने माणसाचे खरोखर नुकसान होते. शिवाय मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात बसत नाही, आणि मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदणी लागते. मोबाइलच्या बाबतीत अडचण निराळी आहे. मोठ्या संकेतस्थळांना फोन बाजारात येण्याआधीच हाताळायला मिळतो. आपल्याला तो विकत घ्यावा लागतो.

मी ६ वर्षांपासून घरघंटी या एकाच वस्तूबद्दल मराठीत लिहितो. सुरुवातीला मीही ‘स्वयंपाकघरातील उपकरणे’ असा ऐसपैस विषय घेतला होता आणि दीड वर्ष काहीही हाती लागले नाही. मग एकदा आईने ज्वारी दळली आणि भाकरी थापताना कडेने मोडू लागली, तेव्हा आम्ही दोघांनी एकेक जाळी बदलून चार वेळा दळण करून पाहिले, आणि कोणत्या जाळीच्या पिठाची भाकरी नीट थापली जाते ते छायाचित्रांसह लिहून काढले. तो लेख आजही माझ्या निम्म्याहून अधिक उत्पन्नाचे मूळ आहे. ज्याला हा प्रश्न पडतो तो घरघंटी घेण्याच्या बेतात असतो, किंवा घेऊन बसलेला असतो आणि त्याला सुटे भाग हवे असतात. विषयात लोकांना रस आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही; खिशातून पैसे काढण्याआधी माणूस नेमका कुठे अडतो आणि त्या जागी आपल्याला अनुभवातून काही सांगता येते का, हे पाहावे लागते.

हिशेब आधी कागदावर करा, तो तर तुमचा हातखंडा आहे. समजा वस्तू ६०० रुपयांची आणि कमिशन ५ टक्के, म्हणजे एका विक्रीमागे ३० रुपये. महिना १५,००० रुपये हवे असतील तर ५०० विक्री लागतील, आणि शंभर वाचकांपैकी दोघांनी खरेदी केली असे धरले तरी दरमहा २५,००० वाचक आणावे लागतील. तीच वस्तू ४,००० रुपयांची असेल तर ७५ विक्रींत तेवढी रक्कम होते. कमिशनचे दर वस्तूच्या प्रकारानुसार बदलतात, ते कंपनीच्या तक्त्यात पाहून मगच विषय पक्का करा. अ‍ॅमेझॉनवर तर तुमच्या लेखातली लिंक उघडल्यापासून २४ तासांच्या आत गिऱ्हाइकाने वस्तू कार्टमध्ये टाकावी लागते, म्हणून नुसता चाळणारा वाचक कामाचा नाही.

तुमच्या जागी मी असतो तर छाटणीच्या कात्र्या, फवारणी पंप, नोझल आणि द्राक्षाची गोडी मोजण्याचे रिफ्रॅक्टोमीटर अशी द्राक्षबागेची साधने घेतली असती.

त्र्यंबक रस्ता :

नाशिकमध्ये बसून सिंहस्थाचा विचार का करत नाही? २०२७ मध्ये देशभरातून लोक येतील, आणि राहण्याची सोय, प्रवास, पूजेचे साहित्य हे सगळे ते शोधणारच.

पिंपळगावचा मळा :

सिंहस्थावर संसार उभा करू नये असे माझे मत आहे. मागचा २०१५ मध्ये झाला, पुढचा २०२७ नंतर १२ वर्षांनी येईल. जोडधंदा म्हणून एखादा लेख ठीक, पण मुक्कामाच्या क्षेत्रात मोठ्या आरक्षण कंपन्या आधीच बसल्या आहेत.

गोदाकाठ यांचे बाकी सगळे पटले, द्राक्षबागेच्या साधनांचे मात्र पटले नाही. मी स्वतः बागाईतदार आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत आमच्यासारख्यांची दुकानात उधारी चालते आणि माल विकला गेला की ती फिटते. पंप बिघडला तर दुकानदार दुसरा देऊन वेळ भागवतो. डावणी या बुरशीजन्य रोगाचे वातावरण असताना दोन दिवस वाट पाहणे बागेला परवडत नाही, मग पार्सलची वाट कोण पाहील? शेतकरी तुमचा लेख वाचेल, दुसऱ्याला पाठवेलही, पण खरेदी ओळखीच्या दुकानातूनच करेल.

हिशेबवही :

मळ्यातल्या दादांचे म्हणणे मी माझ्याच हाताने खतावणीत लिहिले आहे, त्यामुळे ते तंतोतंत खरे आहे हे मला ठाऊक आहे. पण ते वाचताना एक गोष्ट लक्षात आली. दर रविवारी सकाळी आमच्या दुकानात शहरातले लोक येत, गच्चीवर नाहीतर बाल्कनीत कुंड्या ठेवणारे. निंबोळी पेंड पोत्यात येते, यांना हवी असे १ किलो. मी पोते सोडून, सुपाने पिशवीत भरून, तराजूवर तोलून देत असे, आणि पिशवीवर पेनाने लिहून देत असे की मध्यम कुंडीला एक मूठ, खोडापासून चार बोटे दूर. पुढच्या रविवारी तीच माणसे मिरचीचे आकसलेले पान किंवा जास्वंदीची पांढऱ्या कापसासारख्या किडीने भरलेली फांदी घेऊन परत येत. त्यांची उधारी कधीच नव्हती. पैसे रोख, आणि अनेकदा ‘घरपोच मिळेल का’ असे विचारत. हा विषय होऊ शकतो का?

गोदाकाठ :

होऊ शकतो, आणि मी सुचवलेल्यापेक्षा पुष्कळ चांगला होऊ शकतो. उधारीचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

‘बागकाम’ एवढा मोठा विषय मात्र घेऊ नका. मराठी घरांतल्या कुंडीतल्या भाज्या आणि त्यांची माती, एवढ्यावरच थांबा. गुगल ट्रेंड्सवर महाराष्ट्र निवडून मागच्या ५ वर्षांचा आलेख पाहा, म्हणजे कोणत्या महिन्यात लोक काय शोधतात ते कळेल आणि त्याच्या दोन महिने आधी लेख तयार ठेवता येईल. लोक मराठी शब्द रोमन अक्षरांतही टाइप करतात, म्हणून दोन्ही प्रकारे शोधून पाहा. पहिल्या पानावर फक्त मोठ्या कंपन्या दिसल्या तर तो प्रश्न सोडा. जुनी, अर्धवट उत्तरे दिसली तर तिथे जागा आहे असे समजा.

पेंड आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) स्वस्त असतात, त्यांवर कमिशन नाममात्र मिळेल. उत्पन्न ठिबकचे छोटे संच, मोठ्या ग्रो बॅग, कंपोस्टचे डबे यांतून येईल. त्यांतले एखाद-दुसरे स्वतः विकत घेऊन वापरा, तुमच्या पंधरा हजारांचा तोच योग्य उपयोग आहे. रासायनिक कीटकनाशकांचे प्रमाण सांगण्याच्या वाटेला जाऊ नका. कमिशन मिळते हे लेखाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहा. जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून तसा खुलासा अपेक्षित धरला आहे, आणि रविवारी ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला त्यांचा तो हक्कच आहे.

वीस लेख आणि आठ महिने, एवढी मुदत द्या. तोवर विक्री मोजू नका, फक्त कोणत्या प्रश्नावर वाचक येतात ते वहीत मांडत जा.

हिशेबवही :

मनापासून आभार. दुकानात लोक काय काय विचारत ते आज दुपारी आठवून लिहू लागले, तर ३४ प्रश्न निघाले. त्यांतले ९ एकट्या मिरचीचे आहेत, म्हणून सुरुवात मिरचीपासून करते. गच्चीवर आजच सहा कुंड्या भरल्या आहेत. तीन निंबोळी पेंड घालून, तीन तशाच.